खेळण्यासारखी सुरी

मालवणच्या बंदरावर कुणाला दोरी कापून दिली की प्रश्न ठरलेला: "एवढी खेळण्यासारखी सुरी कशाला बाळगता? मूठ प्लास्टिकची, हातात वजनसुद्धा लागत नाही." तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो. वजन कमी असावं म्हणून मी ती घेतलेलीच नाही. मला गंज नको होता.

बाबांची घडीची सुरी पितळी मुठीची, आतून लोखंडी पट्ट्या. मासे साफ करून मिटली की खारं पाणी त्या पट्ट्यांत दडून बसायचं. बाहेरून कितीही पुसा, चार दिवसांत पातं फिरतं तो खिळा गंजून घट्ट धरायचा. मग खोबरेल सोडायचं आणि नखं मोडेपर्यंत ओढायचं. बाबा म्हणत, "हय पाण्याशिवाय सगळ्याक गंज लागता."

नंतर ओपिनेल वापरली. फ्रान्सच्या साव्हुआ भागातली, १८९० पासूनची. बीच लाकडाची मूठ आणि १९५५ पासून पातं अडकवणारं फिरतं कडं. आठ नंबरची जेमतेम ४५ ग्रॅम भरते. सुंदर वस्तू! पण आषाढात लाकूड फुगलं की पातं बाहेर येईना. तिकडचे लोक अशा वेळी मुठीचं बूड टेबलावर ठोकतात म्हणे. मी होडीच्या काठावर ठोकत बसायचो.

अमेरिकेत १९६४ साली आलेली बक ११० ही पितळी टोकांची सुरी जवळपास २०० ग्रॅमची. पुढे १९८० च्या दशकात काचतंतू मिसळलेल्या नायलॉनच्या मुठी आल्या. हे प्लास्टिक एवढं ताठ की आतल्या धातूच्या पट्ट्या काढून टाकता आल्या. लोकांना त्यात हलकेपणा दिसला. मला दिसली ती पाणी दडण्याची जागा गेलेली.

राहिलं पातं. पोलादाला कठीणपणा देतो तो कार्बन, पण तो गंज रोखणाऱ्या क्रोमियमला धरून ठेवतो आणि मग गंजाला वाट मिळते. माझ्या सुरीचं एच-वन हे जपानी पोलाद. त्यात बऱ्याचशा कार्बनची जागा नायट्रोजनने घेतलीय. तीन पावसाळे झाले, डाग नाही. धार मात्र लवकर जाते. आठवड्याला दगडावर घासावी लागते. तेवढं चालतं.

आणि हो, हलकी असली तरी ती तरंगत नाही. म्हणून मुठीच्या भोकात पिवळी दोरी ओवून ती कमरेला बांधलीय.