काझाला मनालीहून चढू नका, मनालीकडे उतरा

इंदूरहून हिमाचलातल्या स्पितीला जायचं म्हटलं की जो तो मनालीचंच नाव घेतो. मालवा एक्सप्रेसने अंबाला, तिथून रात्रीची बस, सकाळी मनाली आणि दुसऱ्या दिवशी काझा, म्हणजे स्पितीचं मुख्य गाव. कागदावर झकास दिसतं. मनालीतला एजंटही छातीठोकपणे म्हणाला, "अटल टनल झाल्यापासून रोहतांग खिंडीची कटकट संपली साहेब, आठ तासांत काझा." टनलचं खरं आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये ती सुरू झाली आणि ते ९ किलोमीटर बोलता बोलता संपतात. पुढचं त्याने सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर आम्ही बुकिंग केलंच नसतं.

कोकसर मागे टाकून ग्रम्फूला काझाचा फाटा घेतला की रस्ता हा शब्द विसरायचा. ग्रम्फू ते बातल हे साधारण ५० किलोमीटर म्हणजे चंद्रा नदीच्या काठाने पसरलेले धोंडे, आणि त्यातून गाड्यांनी पाडलेली वाट. धोंड्यांचं एक वेळ सोडा, पाठीला पट्टा बांधून माणूस निभावून नेतो. खरा घोळ नाल्यांचा. वरच्या हिमनद्यांचं पाणी थेट रस्त्यावरून वाहतं. रात्री वर सगळं गोठलेलं असतं म्हणून सकाळी नाला घोट्याएवढा, आणि ऊन चढेल तसं बर्फ वितळून दुपारी तोच नाला गाडी अडवतो. त्यामुळे मनाली पहाटे चारला सोडायची, पाच म्हणजे उशीर. आमच्या ड्रायव्हरने अख्ख्या गाडीचे पैसे घेऊनही आणखी दोन सवाऱ्या मिळतात का म्हणून साडेसातपर्यंत ताटकळत ठेवलं. सवाऱ्या मिळाल्या नाहीत.

छोटा दडा ओलांडून पुढे आलो तेव्हा दुपार झाली होती. एका नाल्याशी चार-पाच गाड्या खोळंबलेल्या. ड्रायव्हरने बूट काढले, पॅन्ट गुडघ्याच्या वर दुमडली आणि पाण्यात उतरून पायाने एकेक दगड चाचपत पलीकडे गेला. परत आला तेव्हा पाय लालबुंद, दात वाजत होते. पुढच्या ट्रकच्या चाकाकडे बोट दाखवून म्हणाला, "त्याचं डावं चाक जिथून जाईल तिथूनच मी जाणार." गेलाही. पुढची नंबर प्लेट तेवढी पाण्यात राहिली. माणूस कसबी होता यात वाद नाही, पण साडेसातला निघाला नसता तर हे कसब दाखवायची पाळीच आली नसती.

बातलच्या ढाब्यावर राजमा-चावल खाऊन जरा जीवात जीव आला, तर ड्रायव्हर म्हणतो चंद्रताल तलाव पॅकेजमध्ये नाही, अडीच हजार वेगळे. अशा उजाड जागी भांडण कुणाशी करणार? दिले. तेव्हा एजंटाकडून चंद्रताल, तिथला मुक्काम, पिन व्हॅली, जे जे बोलला असेल ते कागदावर लिहून सही घ्या. तोंडी शब्दाची किंमत बातलला शून्य असते.

आणि मुळात चंद्रतालला पहिल्याच रात्री मुक्काम हा तर मूर्खपणाचा कार्यक्रम आहे, मग एजंट काहीही म्हणोत. मनाली २,००० मीटरवर, चंद्रतालचा तंबू ४,२०० च्या वर. ३,००० मीटरनंतर झोपायची उंची दिवसाला ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, हा डॉक्टरी नियम आहे; इथे एका दिवसात चारपट चढवतात. आपलं इंदूर साडेपाचशे मीटरवर. माझा मेहुणा रोज सकाळी धावणारा, सगळ्यांत फिट. रात्री एकला तोच उठून बसला, "भाऊजी, डोकं फुटतंय," आणि लगेच ओकारी. फिटनेसचा इथे काही उपयोग नाही, उलट फिट माणूस चढताना घाई करतो. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी डॉक्टरांना विचारून घरूनच न्या. त्रास वाढला, चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं.

तर माझा निकाल सरळ आहे. सिमल्याकडून किन्नौरमार्गे चढा. कल्पा, मग ताबो, मग काझा. नाकोला जेवा, झोपू नका. उंची हळूहळू वाढते, रस्ता पुष्कळ बरा. परतताना कुंझुम खिंड चढून मनालीकडे उतरा. तोवर शरीर सरावलेलं असतं आणि काझाहून पहाटे निघता येतं.

काझा, की मठ, ताबो सुंदर आहेत, त्यावर लिहिणारे ढीगभर. मला काझाजवळच्या किब्बर गावातलं घर लक्षात राहिलं. मातीच्या जाड भिंती, सपाट छप्पर, त्याच्या कडेला थंडीसाठी रचलेली झुडपं आणि शेणाच्या गोवऱ्या. पीर पंजाल आणि मुख्य हिमालय पावसाळी ढग अडवतात, म्हणून ही छपरं मातीची चालतात. जोराचा पाऊस आला तर घर गळायला लागतं. शेती सगळी वितळलेल्या बर्फावर, कूल म्हणजे पाटाने आणलेल्या पाण्यावर. जव आणि मटार. संडास कोरडा: फळीतलं भोक, शेजारी माती-राखेचा ढीग आणि फावडं. वापरल्यावर फावडंभर टाकायचं. खाली साठतं ते खत होऊन वसंतात शेतात जातं. आमच्यातल्या एकाने नाक मुरडून फ्लशचा संडास मागितला. घरच्या आजींनी त्याला शांतपणे फावडं दाखवलं. त्यात प्लास्टिक, वाइप्स टाकू नका, ते त्यांच्या मटारात जातं. आंघोळीला अर्धी बादली पुरे.

लांग्झा गावात मुलं शंखाचे जीवाश्म विकायला आणतात. हिमालयाच्या आधी इथे असलेल्या टेथिस समुद्राच्या तळाचे आहेत, खरे असतात, तरी घेऊ नका.

मनालीहूनच चढणार असाल तर पेट्रोल मनालीतच टाकी भरून घ्या, या रस्त्याने पुढचा पंप थेट काझाला. रोख पैसे जवळ हवेत. रतलामी शेवेची पाकिटं उंचीवर फुगतात, फोडून डब्यात भरा.

जुलै-ऑगस्टमध्ये किन्नौर आणि मनाली दोन्हीकडे दरडी. सप्टेंबर गाठा, नालेही उतरलेले असतात. ऑक्टोबरात गेलात तर कुंझुम बर्फाने कधी बंद होईल सांगता येत नाही, म्हणून अंबाल्याच्या परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवा. बंद झाला तर किन्नौरनेच परतावं लागेल.