लिमिटचं लेबल आभाळात

औषध कंपनीच्या पाण्याचे ग्राफ बनवायचं काम माझ्याकडे असतं, लॅबवाले प्रत्येक नळाचं सॅम्पल घेऊन बॅक्टेरियाच्या कॉलनी मोजतात आणि आम्ही ते आकडे प्लॉटली या ग्राफ काढायच्या लायब्ररीत टाकतो. प्युरिफाइड वॉटरला मिलिलिटरमागे १०० ची मर्यादा, तिथे लाल रेघ, शेजारी बाण काढून 'लिमिट १००' असं लेबल.

परवाच्या मीटिंगला क्वालिटीचे साहेब ग्राफ बघून एकदम खूश. "वा, लिमिटच्या आसपाससुद्धा काही नाही!" मला खटकलं, कारण त्या डेटात १३० चं एक रीडिंग मी स्वतः बघितलेलं. नीट पाहिलं तर सगळे ठिपके तळाशी चिकटलेले, लाल रेघ त्यांच्यातच गाडली गेलेली, आणि लेबल पार वरच्या टोकाला. वायच्या अक्षावर आकडे कुठपर्यंत? दहाचा शंभरावा घात!

झालं असं होतं की आमच्यातल्या एकाने अक्ष लॉग केला, म्हणजे प्रत्येक पायरी आधीच्या दहापट, आणि बाकी काहीच बघितलं नाही. रेघ हा शेप असतो, त्याला लॉग अक्षावरही खरी किंमत, म्हणजे १०० च द्यायची. अॅनोटेशनला, म्हणजे लेबलला, मात्र लॉग घेऊन द्यावा लागतो, १०० हा दहाचा दुसरा घात म्हणून २. तिथे १०० तसाच राहिला, म्हणून लेबल दहाच्या शंभराव्या घातावर गेलं आणि अक्षाची मर्यादा आपोआप ठरवणाऱ्या ऑटोरेंजने त्याला सामावून घ्यायला अख्खा अक्ष ताणला. डॉक्युमेंटेशनमध्ये हे लिहिलंय, पण ते वाचतो कोण, ग्राफ दिसला की काम झालं. तसा वैताग मलाही येतो म्हणा, बाणाची शेपटी वर न्यायला एवाय हे सेटिंग उणे द्यायचं आणि तेच सगळं लेबल वर सरकवायला वायशिफ्ट अधिक, हे कुणाच्या डोक्यात राहणार?

आता लेबलचा वाय २ केलाय, बाण काढून टाकला, आणि एक्सरेफ 'पेपर' करून, म्हणजे आडवी जागा डेटाऐवजी ग्राफच्या चौकटीवरून मोजून, लेबल उजव्या कडेला रेघेवर टेकवलंय, आडवं कितीही झूम करा, ते कडेलाच राहतं. शून्य रीडिंग लॉगवर दिसतच नाहीत, त्याची टीप खाली टाकली.

पण डोक्यातून जात नाही ते वेगळंच. ग्राफ बिघडला तोही सगळं छान दिसेल असाच, नेमका उलटा बिघडला असता तर पाच मिनिटांत फोन आला असता. दुरुस्त ग्राफ पाठवल्यावर साहेबांचा पहिला प्रश्न, "आधीचा का बदललात?" त्या १३० बद्दल अजून एक शब्द नाही.