खोल्यांच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हाती देताना

अकरावीचे प्रवेश सुरू झाले की लातूरच्या ट्युशन एरियात खोल्यांची शोधाशोध लागते. घरमालक बऱ्याचदा पुण्यात, अन् किल्ल्या गावातल्या एखाद्या माणसाकडे. ‘त्याच्याकडे महारेरा नंबर आहे’ एवढ्यावर मालक निर्धास्त होतो. महारेरा म्हणजे गृहप्रकल्पांवर नजर ठेवणारं राज्याचं प्राधिकरण; त्याचा नंबर या कामाचा नाहीच. रेरा कायद्यातली एजंटची नोंदणी आहे ती प्रकल्पातल्या घरांच्या खरेदी-विक्रीसाठी; भाडेकरू त्या कायद्यातल्या घर घेणाऱ्याच्या व्याख्येतूनच वगळलाय. भाडं गोळा करणाऱ्याला, डिपॉझिट सांभाळणाऱ्याला आपल्या राज्यात वेगळं लायसन्स नाही. म्हणून जे काही संरक्षण आहे, ते तुमच्या कागदातच.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं कलम 55 नीट वाचा. करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. किल्ल्या सांभाळणाऱ्याची नव्हे. चुकलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरतात. उलट सिद्ध करणं मालकाच्या गळ्यात. स्टॅम्पपेपरवर नोटरी करून ठेवलेला करार इथं कामाला येत नाही, आणि आपल्याकडे सर्रास तोच केला जातो.

नोंदणी टाळून वाचतं तरी किती? 8,000 भाडं, अकरा महिने: 88,000. परत द्यायच्या 20,000 डिपॉझिटवर वर्षाचं 10 टक्के व्याज धरून 2,000. एकूण 90,000 वर 0.25 टक्के, म्हणजे 225 रुपये मुद्रांक शुल्क. नोंदणी फी आणि ऑनलाइन करून देणाऱ्याचे पैसे वेगळे.

मोठी चूक पुढंच होते. अकरावी-बारावीचं पोरगं अठराच्या आतलं. त्याच्या सहीचा करार कायद्यानं शून्य. करार वडिलांच्या किंवा पालकाच्या नावानं करा आणि राहणार कोण, ते आत लिहा. वडील उदगीर-अंबाजोगाईकडचे शेतकरी असले तर ऑनलाइन नोंदणीत कामानं झिजलेला अंगठा आधारच्या मशीनवर बऱ्याचदा जुळत नाही. दुसरी बोटं लावून पाहा, नाहीच जमलं तर सरळ दुय्यम निबंधक कार्यालय गाठा.

सांभाळणाऱ्याला मुखत्यारपत्र द्यायचं तर निबंधकासमोर साक्षांकित करून द्या, आणि त्यात अधिकार मोजून लिहा: भाडं घेणं, दुरुस्ती ठराविक रकमेपर्यंत. डिपॉझिट मात्र थेट मालकाच्या खात्यात. ताबा देताना सबमीटरचं रीडिंग करारातच टाका. खोली सोडताना निम्मी भांडणं लाइटबिलावरूनच होतात.