मास्क असतो ना, मग?

अग्निशमन दलात आहे म्हटलं की कॅन्सरच्या गप्पांमध्ये एक प्रश्न हमखास येतो: "तुम्हाला मास्क असतो ना, मग धूर आत जातोच कसा?" तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मास्क असतो. पाठीवर हवेचा सिलिंडर, तोंडावर घट्ट बसणारा मास्क. आम्ही त्याला बीए सेट म्हणतो. ज्वाळा दिसतात तोवर तो काढायचं कुणाच्या मनातही येत नाही. गोची होते ती आग विझल्यावर, कूलिंगच्या वेळी. ढिगारा उपसायचा, पत्रे ओढून काढायचे, आत कुठे धुमसतंय का बघायचं. धूर विरळ झालेला, सिलिंडर संपत आलेला, घामाने जीव नकोसा. मास्क खाली येतो तो इथे. आणि नेमका तेव्हाच जळका फोम, प्लास्टिक, वायरी यांतून वायू सुटत असतात. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. गादी-सोफ्याच्या फोममधून हायड्रोजन सायनाइड, सोबतीला बेंझिन आणि फॉर्मल्डिहाइड. इमारत जुनी असेल तर ॲस्बेस्टॉसची धूळही. धूर दिसत नाही म्हणजे हवा साफ, हा समज आमच्यातल्या जुन्याजाणत्यांचाही आहे.

दुसरी वाट कातडीची. ती कुणी विचारतच नाही. मास्क उतरवला की चेहऱ्यावर त्याच्या कडेची रेघ दिसते: आत स्वच्छ, बाहेर काजळी. मान, जबडा, कानामागची जागा काळी. त्या काजळीत पॉलिसायक्लिक हायड्रोकार्बन, म्हणजे अर्धवट जळण्यातून तयार होणारी घातक रसायनं असतात आणि तापलेल्या, घामेजल्या त्वचेतून ती अंगात उतरतात. मास्क शेवटपर्यंत लावलेल्या जवानांच्या लघवीतही त्यांचे अंश सापडलेत. वर आगीत घातलेला तोच संरक्षक सूट घालून गाडीच्या बंद केबिनमधून परतायचं, म्हणजे त्यातून सुटणारी वाफ हुंगत यायचं. मळका सूट म्हणजे मर्दुमकी, असं मानायची पद्धत होती. माझ्या मते आमच्या धंद्यातला हा सगळ्यात महागडा मूर्खपणा.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये आमचं काम 'कदाचित कॅन्सरकारक' ठरवलं होतं. 2022 मध्ये ते थेट पहिल्या, म्हणजे नक्की कॅन्सरकारक गटात गेलं, तंबाखूच्या रांगेत. मेसोथेलिओमा (मुख्यतः फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर) आणि मूत्राशयाचा कॅन्सर यांबाबत पुरावा पुरेसा मानला गेला. अमेरिकेत तीन शहरांतल्या सुमारे 30,000 जवानांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा कॅन्सरचं प्रमाण सर्वसामान्यांपेक्षा 9 टक्के जास्त निघालं, कॅन्सरने झालेले मृत्यू 14 टक्के जास्त. म्हणजे प्रत्येकाला होतोच असं नाही; घाबरवायला आकडे देत नाहीये.

उपाय फार अवघड नाहीत. कूलिंग संपेपर्यंत मास्क. जागेवरच साबणपाणी आणि ब्रशने सूट घासायचा, एवढ्याने वरची बरीचशी घाण जाते. मान-चेहरा पुसायचा, परतल्यावर लगेच अंघोळ. सूट घरी न्यायचा नाही.

मग हे सगळीकडे होत का नाही? कारण सूट माणशी एकच असेल, तर धुवायला टाकलेला वाळायच्या आत पुढच्या आगीची खबर आल्यावर घालायचं काय? म्हणून काय हवं विचारलं, की मी आधी दुसरा सूट मागतो.