शेवटचा प्रकाश कोणता?

पुस्तकात वाचलेली गोष्ट डोळ्यांसमोर घडते, तेव्हा अंगावर शहारा येतो. मका आणि त्यातलं नायट्रेट रिडक्टेज हे एन्झाइम यांच्या प्रयोगात माझं तसंच झालं.

अंधारात वाढवलेली मक्याची रोपं फिकट पिवळी आणि उंचच उंच झालेली असतात. त्यांतल्या एका गटाला आम्ही पाच मिनिटं लाल प्रकाश दिला, दुसऱ्याला लाल दिल्यावर लगेच पाच मिनिटं फार-रेड (लालच्या पलीकडचा प्रकाश), तर तिसरा गट अंधारातच ठेवला. फार-रेडचा दिवा, म्हणजे ७३० नॅनोमीटरच्या आसपासचा, आपल्याला लागलेला आहे की नाही तेही नीट कळत नाही. रोपाला मात्र बरोबर कळतं! ही सगळी उठाठेव अगदी मंद हिरव्या उजेडात, आणि तोही गरजेपुरताच, कारण हिरवा प्रकाशसुद्धा पूर्ण निरुपद्रवी नसतो. मग सगळे गट पोटॅशियम नायट्रेट देऊन काही तास पुन्हा अंधारात.

हे एन्झाइम फार नाजूक, म्हणून पानं बर्फात थंड केलेल्या खलात वाटली. एन्झाइम नायट्रेटचं नायट्राइट करतं, आणि सल्फानिलामाइड व एनईडी ही रसायनं घातल्यावर त्या नायट्राइटचा गुलाबी रंग उमटतो. अंधारातल्या गटाची नळी जेमतेम गुलाबी. लाल प्रकाशाची गडद. आणि लालनंतर फार-रेड मिळालेली? जवळजवळ अंधारातल्या नळीइतकीच फिकी. रंगाची गडदता मोजणारे ५४० नॅनोमीटरवरचे आकडे नंतर आले. उत्तर त्याआधीच स्टँडवर दिसत होतं.

हा खेळ फायटोक्रोमचा, म्हणजे प्रकाश ओळखणाऱ्या रोपातल्या प्रथिनाचा. ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश शोषून ते सक्रिय होतं, पेशीकेंद्रकात जातं आणि एन्झाइम बनवणारी जनुकं जागी होतात. फार-रेड त्याला पूर्वरूपात आणतो. बोर्थविक, हेंड्रिक्स या अमेरिकन शास्त्रज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली लेट्यूसच्या बियांवर हेच दाखवलं होतं: प्रकाश कितीही वेळा आलटूनपालटून द्या, बी रुजणार की नाही हे शेवटचा प्रकाश ठरवतो. दाट पानांखाली लाल प्रकाश गाळला जातो, फार-रेड तेवढा खाली झिरपतो. त्यामुळे ही जाण रोपाच्या जगण्याशी थेट जोडलेली आहे.

‘लाल-निळा दिवा लावा, रोपं जोमात येतील’ हा सरसकट सल्ला म्हणूनच मला पटत नाही. कोणतं एन्झाइम, कोणत्या वयाचं रोप, कशानंतर कोणता प्रकाश, हे विचारायलाच हवं. आता निळ्या प्रकाशाचा गट लावणार आहोत. तिथे क्रिप्टोक्रोम हे निळा प्रकाश ओळखणारं प्रथिनही कामाला लागतं, त्यामुळे निळ्याचा परिणाम फार-रेडने कितपत पुसला जातो ते आधी तपासायचं आहे.