डीव्हीडीवर व्हिडिओ फाटका का दिसतो

एडिटिंग करताना एकदम चकाचक दिसणारं फुटेज डीव्हीडीवर गेलं की चौकोन चौकोन दिसायला लागतं, आणि माझ्याकडून हे दोनदा झालंय. पहिली चूक म्हणजे एडिटरमधून आधी कॉम्प्रेस केलेली फाइल काढायची आणि तीच परत एमपेग-२ (डीव्हीडीचा व्हिडिओ फॉरमॅट) करायची, म्हणजे क्वालिटी दोनदा मार खाते. टाइमलाइनवरून थेट एन्कोड करा नाहीतर लॉसलेस (क्वालिटी न घटवणारी) फाइल काढा.

मग बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला किती डेटा खर्च होतो ते; तो एमबीपीएसमध्ये (मेगाबिट प्रति सेकंद) मोजतात. ४.७ जीबीच्या डिस्कवर तासाभराचं असेल तर ८ एमबीपीएस आरामात बसतं, दोन तासांचं असेल तर ऑडिओ धरून ५ च्या आसपासच यावं लागतं, आणि तिथेच टू-पास व्हीबीआर (आधी सगळं फुटेज तपासून, मग गरजेप्रमाणे बिटरेट कमीजास्त करत एन्कोड करणं) कामाला येतो, वेळ दुप्पट खातो पण खाऊ द्या. व्हिडिओची मर्यादा ९.८ आहे म्हणून तिथपर्यंत ताणू नका हं, घरी बर्न केलेल्या डिस्कवर जुने प्लेअर अडखळतात. आवाज पीसीएम (कॉम्प्रेस न केलेला) ठेवला तर दीड एमबीपीएस तोच गिळतो, त्यापेक्षा एसी-३ (डॉल्बीचा कॉम्प्रेस केलेला आवाज) बरा.

आणि फील्ड ऑर्डर! इंटरलेस्ड व्हिडिओत प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांत, म्हणजे फील्डमध्ये असते, आणि त्यातलं आधी कुठलं दाखवायचं तो हा क्रम. डीव्ही कॅमेऱ्याचं फुटेज लोअर फील्ड फर्स्ट (खालचं फील्ड आधी) असतं, हे उलटं झालं की हलणारी प्रत्येक गोष्ट थरथरते.