बॉकची वही: उजव्या पिचरचा कोपर

मी बेसबॉलचा अंपायर, आणि ही वही बॉकची, म्हणजे बेसवर रनर असताना पिचरने (बॉल टाकणाऱ्याने) केलेल्या नियमबाह्य हालचालीची, जिच्यामुळे रनरला पुढचा बेस फुकट मिळतो. मागच्या नोंदीत लिहिलं होतं की डावखुऱ्यांचा पिकऑफ (रनरला बाद करायला बेसकडे केलेली फेक) आता हाताशी आलाय, पुढचा महिना पावलांवरच घालवायचा. तो बेत बाजूला ठेवलाय, कारण शनिवारचा सामना.

१५ वर्षांखालच्यांचा सामना, दोन अंपायरांचा क्रू, एक होम प्लेटमागे, मी बेसवर. तिसऱ्या इनिंगला पहिल्यावर रनर, मी बी पोझिशनमध्ये (पिचरच्या मागे, दुसऱ्या बेसच्या अलीकडे, पहिल्या बेसच्या बाजूला), पिचर डावखुरा. रनर असताना पिच टाकण्याआधी पिचरने हात अंगासमोर आणून पूर्ण थांबायचं असतं. हात पट्ट्यापर्यंत खाली आले आणि न थांबता तसेच पिचमध्ये गेले. लगेच बॉक दिला, आवाजही खणखणीत लागला. या कॉलबद्दल आजही मनात शंका नाही.

सहाव्या इनिंगला पुन्हा पहिल्यावर रनर आणि मी त्याच जागी, पण पिचर दुसऱ्या संघाचा आणि उजवा. तिसऱ्या बेसकडच्या डगआउटमधून (संघाच्या बाकांवरून) तीन-चार पोरं एकदम ओरडली, "थांबला नाही!" मी गप्प राहिलो. दोन पिचनंतर पुन्हा तेच. कोच टाइम मागून माझ्यापर्यंत चालत आला आणि आवाज न चढवता म्हणाला, "आमच्या पोराला दिलात, मग याला का नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचा संघ ४-३ ने हरला, आणि त्या चारांतला एक रन माझ्या बॉकमुळे दुसऱ्यावर पोचलेल्या रनरचा होता. घरी येताना पार्कवेवर सगळा वेळ डोक्यात तेच.

रविवारी सकाळी अंगणात चार विटा मांडून रबर (पिचर पाय ठेवतो ती पट्टी), प्लेट आणि माझी जागा आखली तेव्हा उलगडा झाला. डावखुरा सेटमध्ये, म्हणजे पिचआधी थांबायच्या पवित्र्यात, पहिल्या बेसकडे तोंड करून असतो, म्हणजे बीमधून त्याचे हात मला निम्मे तरी दिसतात. उजव्याचं तोंड तिसऱ्याकडे. मला दिसते त्याची पाठ, आणि हात पोटाआड. डगआउटमधल्या पोरांसमोर मात्र त्याची छाती होती. म्हणजे न थांबता पिच टाकला तर बॉक, हा ६.०२(ए)(१३) चा एकच नियम मी डावखुऱ्यांना कडक लावत होतो आणि उजव्यांना सैल, निव्वळ उभं राहायच्या जागेमुळे. किती सीझन हे चाललं असेल, या विचाराने पोटात कालवलं.

तुमच्यापैकी बरेच जण क्रिकेटच्या पंचगिरीतून इकडे आलेत. तिथे नो-बॉलला निदान रेष असते. इथे "पूर्ण थांबला" एवढंच लिहिलंय आणि किती वेळ ते अंपायरच्या डोळ्यावर सोडलंय. १९८८ मध्ये मेजर लीगने (अमेरिकेतल्या अव्वल व्यावसायिक बेसबॉलने) हे घट्ट करायचं ठरवलं आणि थांबणं स्पष्ट दिसलंच पाहिजे असे शब्द नियमात घातले. १९८७ ला ३५६ बॉक होते, १९८८ ला ९२४ झाले. एकट्या डेव्ह स्टुअर्ट या पिचरचे १६, तो विक्रम अजून उभा आहे. पिचर त्या हिवाळ्यात बिघडले नव्हते, बदलली होती ती बघणाऱ्याची नजर. पिचर रिचर्ड ब्लायरचं उदाहरण तर ताजंच आहे. सप्टेंबर २०२२, न्यू यॉर्कचं सिटी फील्ड मैदान, कारकिर्दीत तोवर एकही बॉक नाही, आणि पीट अलोन्सोच्या एकाच बॅटिंगमध्ये तीन. पहिल्यावरचा रनर चालत घरी, म्हणजे होम प्लेटला आला. तिन्ही कॉल पहिल्या बेसच्या अंपायरचे, आणि ब्लायर डावखुरा. शनिवारपर्यंत ही शेवटची गोष्ट मला महत्त्वाची वाटलीच नव्हती. डावखुऱ्याचे हात त्या अंपायरसमोर उघडे असतात!

मग प्रयोग. शेजारचा मुलगा हायस्कूलला पिचिंग करतो, उजवा. एक फोन बीच्या जागी, दुसरा तिसऱ्या बेसकडून छातीवर, दोन्ही सेकंदाला २४० फ्रेमवर. सुरुवातीला टाळी वाजवून घेतली, म्हणजे दोन्ही चित्रफिती जुळवता येतात. (ट्रायपॉडवर पैसे वाचवू नका. माझा स्वस्तातला वाऱ्याने दोनदा आडवा झाला आणि पहिली दहा पिच वाया गेली.) त्याला सांगितलं, काही पिच नीट थांबून टाक, काही न थांबता, आणि काही हात खाली आणून उसळी देऊन.

आधी वाटलं होतं की फ्रेम मोजून एक आकडा काढायचा, इतक्या फ्रेम म्हणजे थांबला. तो नाद सोडला. उसळीतसुद्धा हात वळताना दोन-तीन फ्रेम स्थिर दिसतात. कॅमेऱ्याला ते थांबणं वाटतं, पण मैदानावर कोणालाही दिसणार नाही. दिशा बदलणं म्हणजे थांबणं नव्हे, यावर मी ठाम आहे.

पण बीच्या चित्रफितीत दुसरंच हाती लागलं. उजवा कोपर! पाठीआडून तो बरगडीच्या बाहेर डोकावतो, आणि हात हलले की कोपर हलतोच. नीट थांबलेल्या प्रत्येक पिचला कोपर शर्टाच्या शिवणीपाशी येऊन निवांत बसतो, शिवण आणि कोपर यांच्यामधली उजेडाची चीर तशीच राहते. न थांबलेल्या पिचला ती चीर मिटते आणि लगेच उघडते. हे मी साध्या वेगातही ओळखायला लागलो. बायकोने छातीची बाजू बघत बसायचं, मी पाठीची बघून कॉल द्यायचा, असं वीस वेळा केलं. अठरा जुळले. चुकलेले दोन्ही उसळीचे. त्या रात्री शांत झोपलो.

ढगळ जाकीट घातलेल्या पिचरला ही चीर दिसणार नाही, हे आत्ता लिहिताना सुचतंय. एप्रिलच्या थंडीत निम्मे पिचर लांब बाह्यांत असतात. म्हणजे प्लेटमागच्या अंपायरशी आधी बोलणं आलंच: उजवा असेल तर सेट तू बघ, पाय मी बघतो, डावखुरा असेल तर उलट. आणि हायस्कूलच्या सामन्यांत बॉकवर बॉल जागीच डेड होतो, म्हणजे खेळ तिथेच थांबतो, तिथे कॉल क्षणभरही लांबवून चालत नाही.

अजून एक. पहिल्या इनिंगच्या वॉर्म-अपला मी नुसता उभा असतो. पिचर स्ट्रेचमधून (रनर असताना टाकतात तसे) एक-दोन टाकत असेल, तर तेव्हाच बीमध्ये जाऊन त्याचा कोपर बघून ठेवायचा. पावलांचा अभ्यास जूनमध्ये. शनिवारी दोन सामने आहेत, दोन्ही बेसवर, आणि त्यातला एक त्याच कोचचा. त्याने विचारलं तर सांगेन की त्याचं बरोबर होतं.